मामा, झालं का?

आमच्या लहानपणी आइसफ्रूट नावाचा एक पदार्थ मिळत असे. त्यात आइस असे, फ्रूट नसे. फ्रूटच्या जागी रंग असे, आणि आइसफ्रूट संपल्यावरही तो रंग जिभेवर दोन दिवस आणि शर्टावर शर्ट फाटेपर्यंत राही. मे महिन्यात दुपारी अडीचला, घरातल्या मोठ्या माणसांचा नेमका डोळा लागायच्या बेतात असताना, सायकलच्या कॅरिअरला लाकडी पेटी बांधलेला एक माणूस पेटीचं झाकण आपटत गल्लीत शिरे आणि 'गारेऽऽगार' अशी हाळी देई. त्यासरशी पोरं दारात आणि पोरांच्या मागोमाग आई दारात. "ते गटाराच्या पाण्याचं करतात," आई सांगे. हे वाक्य महाराष्ट्रातल्या यच्चयावत आयांनी कुठल्यातरी अधिवेशनात ठराव मांडून एकमताने मंजूर केलेलं असावं. पुढे मला सोलापूरचे, जळगावचे, वर्ध्याचे मित्र मिळाले. प्रत्येकाच्या आईने हेच पाणी सांगितलं होतं. आम्हाला त्या वाक्याची भीती कधी वाटली नाही. उलट गटाराबद्दलचा आदर मात्र वाढला.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे यंदाची मे महिन्याची सुट्टी. माझी बहीण ठाण्याला असते. तिची दोन मुलं दरवर्षी सुट्टीला आमच्याकडे रत्नागिरीला येतात. मुलगी दहा वर्षांची, मुलगा सहा वर्षांचा आणि त्यांच्या मधोमध माझा चिरंजीव, वय वर्षं आठ. म्हणजे थोरली, मधला आणि धाकटा. शिवाय वरच्या मजल्यावरचा एक मुलगा, जो जेवणाची आणि झोपेची वेळ सोडून आमच्याकडेच असतो. जेवणाची वेळ उगाच म्हणालो. झोपेची सोडून.

पहिले दोन दिवस समुद्रावर गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी थोरली म्हणाली, "मामा, बोअर होतंय." मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. शाळेत मुलं कंटाळली की मी घंटेची वाट बघतो. घरी घंटा नसते. म्हणून मी बोलून गेलो, "चला, आपण घरी आइसफ्रूट करू. खऱ्या फळांचं! एकदम सोप्पं असतं. फळ कापायचं, मिक्सरमधून काढायचं, ओतायचं, फ्रीझरमध्ये ठेवायचं. दहा मिनिटांचं काम."

स्वयंपाकघरात भांडी घासल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"दहा मिनिटांचं का?" आतून प्रश्न आला. एवढाच. लग्नाला बारा वर्षं झालेल्या माणसाने तिथेच विषय बदलायला हवा होता.

फळं, साखर, मुलं या तिन्ही गोष्टी मे महिन्यात कोकणात मुबलक असतात. टंचाई असते ती फ्रीझरमधल्या जागेची. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्यामुळे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमची ही मिरकरवाड्याच्या बंदरावरून जे जे म्हणून आणता येईल ते आणून, साफ करून, पिशव्या बांधून फ्रीझरमध्ये रचते. सुरमईच्या तुकड्या, सोललेली कोळंबी, बांगडे. त्यांच्या शेजारी खवलेला नारळ, ओले काजूगर, जानेवारीत सोललेले मटार, आणि काळ्या पिशवीत बांधलेली एक वस्तू, जी काय आहे हे कुणालाच सांगता येत नाही. पण ती टाकून द्यायची हिंमतही कुणाला होत नाही. तळाशी कुठेतरी बर्फाचा ट्रे आहे. तो मी २०१९ साली शेवटचा पाहिला.

रत्नागिरीत जमिनीचा वाद तीन पिढ्या सहज चालतो. फ्रीझरमधल्या जागेचा आमचा वाद तासाभरात मिटला, याचं श्रेय माझ्या आईला. ती मध्ये पडली आणि म्हणाली, "दे गो त्यांना डावीकडचा कोपरा. पोरं काय रोज येतात?" डावीकडचा कोपरा म्हणजे एका ताटाएवढी जागा, बांगड्यांना लागून. तीही तात्पुरती, मालकी हक्क न सांगण्याच्या अटीवर.

पहिला प्रयोग कलिंगडाचा. साचे नव्हते, म्हणून स्टीलचे पेले घेतले. काड्यांचं पाकीट स्टेशनरीच्या दुकानात मिळालं, पण दुकानातून घरी येईपर्यंत मुलांनी त्यातल्या अर्ध्या काड्यांची तलवारबाजी केली. कलिंगड मिक्सरमधून काढण्यापूर्वी बिया काढायच्या की नाही यावर मतभेद झाले. थोरलीचं म्हणणं, काढायच्या. मधल्याचं म्हणणं, राहू दे, चॉकलेट चिप्ससारख्या दिसतील. धाकट्याने तोंडात घेऊन किती लांब थुंकता येतात ते दाखवलं आणि मतभेद संपले. वरच्या मजल्यावरच्या मुलाने गाळणी धरली होती. तो ती उलटी धरून होता, हे आम्हाला रस ओट्यावरून खाली ओघळल्यावर कळलं.

मी पेले काठोकाठ भरले. भरपूर दिलं नाही तर मामा कसला! पाणी गोठलं की साधारण नऊ टक्के फुगतं, हे मी सतरा वर्षं नववीच्या वर्गाला शिकवतो आहे. बाटली पाण्याने गच्च भरून फ्रीझरमध्ये ठेवू नये, असं उदाहरणही देतो. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक पेल्यावर कलिंगडाचं टेंगूळ आलं होतं आणि जे टेंगळात मावलं नाही ते बांगड्यांच्या पिशवीवर जाऊन गोठलं होतं. शिकवणं वेगळं आणि येणं वेगळं, हे मुलांना तिथे कळलं. मला आधीपासून माहीत होतं.

पण मी पुढे धावलो. दुसऱ्या दिवसाच्या सकाळआधी पहिला दिवस होता, आणि तो दिवस संपता संपत नव्हता.

पेले फ्रीझरमध्ये ठेवले तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. तीन पस्तीसला धाकट्याने दार उघडून आत तोंड घातलं. "मामा, झालं का?"

"अरे, आत्ता तर ठेवलं."

तीन बेचाळीसला मधला. त्याने बोट घालून बघितलं. तीन पन्नासला थोरली, जिने आधीच्या दोघांना दार उघडू नका असं दटावलं होतं आणि ते दार नीट लागलं आहे ना हे बघायला तिने ते उघडलं. चार वाजता वरच्या मजल्यावरचा मुलगा आला आणि कुणालाही न विचारता थेट फ्रीझरकडे गेला. चार वाजून दहा मिनिटांनी मी स्वतः. मी फक्त तापमानाचा अंदाज घेत होतो.

घरच्या फ्रीझरमध्ये साधारण उणे १८ अंश तापमान असतं, म्हणजे असायला हवं. मे महिन्यात रत्नागिरीची दमट हवा दर सात मिनिटांनी आत सोडली, तर ते कुठे असेल हे सांगायला विज्ञानाचा मास्तर लागत नाही. संध्याकाळी सहाला पेल्यात गार कलिंगडाचा रस होता. आठला थोडा जास्त गार रस. काड्या एका बाजूला कलंडून रांगेत बसल्या होत्या, एसटीत झोपलेल्या प्रवाशांसारख्या.

मुलांना धीर यावा म्हणून मी इतिहासाचा आधार घेतला. माझा स्वतःचा धीर सुटला की मी नेहमी इतिहासाकडे जातो. विज्ञान फार रोखठोक असतं. मी सांगितलं, "१९०५ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात फ्रँक एपर्सन नावाचा अकरा वर्षांचा मुलगा होता. त्याने पेल्यात सोड्याची पूड आणि पाणी ढवळलं आणि ढवळायच्या काडीसकट तो पेला रात्री ओसरीवरच राहिला. रात्री कडाक्याची थंडी पडली. सकाळी बघतो तर काय, काडीवर बर्फ! जगातलं पहिलं पॉप्सिकल."

"म्हणजे त्याने काहीच केलं नाही?" थोरलीने विचारलं.

"तो विसरला."

"आणि मग?"

"मग मोठा झाल्यावर, १९२४ साली त्याने त्याचं पेटंट घेतलं. त्याची मुलं त्याला पॉप म्हणायची, म्हणजे बाबा. म्हणून पॉप्सिकल."

"विसरल्याचं पेटंट मिळतं?" मधल्याने डोळे विस्फारले. तो गृहपाठाची वही रोज विसरतो. त्याला आपलं भवितव्य दिसू लागलं होतं.

गोष्ट सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की मुद्दा तोच आहे. आइसफ्रूट करायची कृती एका शब्दाची आहे: विसरा. फळ कोणतं, साखर किती, पेला कसला, हे सगळं दुय्यम. ठेवून द्या आणि विसरा. आणि नेमकं तेवढंच आमच्या घरात कुणाला जमत नाही. डबा विसरता येतो, छत्री विसरता येते, लग्नाचा वाढदिवस विसरता येतो (एकदा). फ्रीझरमध्ये ठेवलेलं आइसफ्रूट विसरता येत नाही.

मग मी बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरची गोष्ट काढली. त्याने १८३३ साली अमेरिकेतल्या तळ्यांवरचा १८० टन बर्फ जहाजात भरून कलकत्त्याला पाठवला. जहाज चार महिने समुद्रावर होतं, विषुववृत्त दोनदा ओलांडून आलं, तरी शंभरेक टन बर्फ शिल्लक होता, कारण तो नीट बांधून झाकून ठेवला होता आणि वाटेत कुणी सारखं उघडून बघत नव्हतं. "चार महिने!" मी आवाज चढवून म्हणालो. "आणि तुम्हाला चार तास निघत नाहीत!"

"मामा," धाकटा शांतपणे म्हणाला, "त्या जहाजात मुलं होती का?"

रात्री साडेनऊला हिने सगळ्यांना अंथरुणात घातलं आणि फ्रीजपुढे खुर्ची ओढून ठेवली. खुर्चीवर पिठाचा डबा. पिठाचा डबा माझ्यासाठी होता, असं तिने नंतर कबूल केलं.

तर सकाळी टेंगळं आली. पेले हातात धरून काड्या ओढल्या. काड्या निघाल्या. नुसत्या. बर्फ पेल्यातच राहिला. थोरली म्हणाली की बाहेरून पाण्याखाली धरायचं असतं, हे तिला कुठूनतरी ठाऊक होतं आणि तिने ते आधी सांगितलं नव्हतं. धाकट्याला तेवढा वेळ नव्हता. त्याने थेट पेल्याच्या काठाला ओठ लावला आणि ओठ तिथेच चिकटला. स्टील उष्णता फार भराभर ओढून घेतं, त्यामुळे ओठावरचं पाणी जागच्या जागी गोठतं. ही माहिती मी देत होतो तेव्हा आईने कोमट पाण्याचा तांब्या आणून त्याच्या ओठावर धार धरली आणि त्याला सोडवलं. ओठ सुटल्यावर त्याने पहिलं वाक्य उच्चारलं ते असं: "परत करू?"

चव बरी होती. म्हणजे पहिली दोन मिनिटं. मुलांनी काडी तोंडात धरून चोखली, त्याबरोबर सगळा लाल गोड रस निघून आला आणि हातात पांढरा फटफटीत बर्फ राहिला. गोठताना आधी पाण्याचे स्फटिक होतात आणि साखर, रंग, स्वाद त्यांच्या फटींत ढकलले जातात. ते आधी सुटतात. कलिंगडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, त्यात आम्ही साखर घातली नव्हती. थोरलीच्या शाळेत साखर वाईट असते असं शिकवलं होतं. साखर वाईट असेलही, पण आइसफ्रूटला ती मऊ ठेवते, आणि गार पदार्थाची गोडी जिभेला कमी लागते म्हणून ओतताना जरा जास्तच गोड करावं लागतं. आमचं कलिंगड गोड नव्हतं, मऊही नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या मुलाचा आधीच हलणारा दात त्यात राहिला. तो फार खूश झाला. त्याच्या आईचं माहीत नाही.

दुसरा प्रयोग आंब्याचा होणार हे उघड होतं. मुलांनी हापूसच्या पेटीकडे बोट दाखवताच आई पेटीच्या आणि मुलांच्या मध्ये उभी राहिली. बहात्तर वर्षांची बाई एवढ्या चपळाईने हलताना मी पाहिली नव्हती. "हापूस गोठवायचा? मेल्यांनो, हापूस हा खायचा असतो!" आईच्या मते हापूसला सुरी लावणं हेसुद्धा शहरी लोकांचं थेर आहे, फ्रीझर म्हणजे तर खूनच. शेवटी तिने रायवळ आंबे दिले, झाडाखाली वेचलेले, छोटे, मऊ, चोखायचे. चवीला उत्तम. फक्त त्यांना रेषा असतात, आणि चाळणीवर रस घासायचं काम धाकट्याकडे होतं. दुसऱ्या दिवशी त्या आइसफ्रूटमधून एकेक रेषा ओढत मुलं गच्चीवर बसली होती. लांबून कुणी पाहिलं असतं तर लोकर सोडवताहेत असं वाटलं असतं. शिवाय थोरलीने पहिला चावा घेऊन मान तिरकी केली.

"मामा, याला कसला तरी वास येतोय."

मी चाटून बघितलं. आंबा होता. त्याच्या मागून, दारामागे उभ्या राहिलेल्या माणसासारखा, बांगडा होता.

ही म्हणाली, झाकण ठेवायला हवं होतं. मी म्हणालो, बांगड्यांवर की आंब्यावर? ती म्हणाली, तुमच्या तोंडावर.

तोवर आईने दुसरी आघाडी उघडली होती. "सर्दी होईल पोरांना. ठाण्याला जाऊन शिंकली की माझी मुलगी मलाच फोन करेल." तिला गप्प करावं म्हणून मी पुन्हा इतिहासात गेलो, आणि इथे माझी चूक झाली. मी सांगितलं, "अगं आई, अमेरिकेतून बर्फ येऊ लागला तेव्हा, १८३०च्या दशकात, जमशेटजी जीजीभॉयांनी मुंबईत मेजवानी देऊन पाहुण्यांना आइस्क्रीम खिलवलं. एवढी जुनी परंपरा आहे आपली!"

"मग?"

"मग काय... म्हणजे... यजमानांना आणि पाहुण्यांना सर्दी झाली आणि 'मुंबई समाचार'ने बरी खोड मोडली असं छापलं, असं म्हणतात."

आई काही बोलली नाही. ती जमशेटजींच्या आठवणीने प्रसन्न दिसत होती. त्या दिवसापासून आइसफ्रूट खाल्लं की हळदीचं गरम दूध, असा नियम झाला. मुलांनी गार आणि गरम एकापाठोपाठ एक पोटात घातलं आणि काही झालं नाही. सर्दी मला झाली.

मग वळीव आला. संध्याकाळी पाचला आभाळ काळं झालं, माड कमरेत वाकले, आणि पहिला थेंब पडायच्या आत लाईट गेली. आमच्याकडे लाईट जाणं आणि पाऊस येणं यात आधी कोण, यावर पैज लावायची सोय नाही. रात्री बारापर्यंत आली नाही. हिने फर्मान काढलं की फ्रीझरचं दार कुणीही उघडायचं नाही, आणि या वेळी तिचा स्वर असा होता की खुर्ची आणि पिठाचा डबा लागला नाही. पण मेणबत्तीच्या उजेडात सगळे फ्रीजकडे बघत बसले होते, आजारी माणसाच्या खोलीबाहेर बसतात तसे. पहाटे लाईट आली तेव्हा आइसफ्रूटं वितळून परत गोठायच्या वाटेला लागली होती, काड्या काटकोनात आडव्या. मासे अर्धवट सुटले होते. अर्धवट सुटलेला मासा परत गोठवत नाहीत. त्या दिवशी सकाळच्या न्याहारीला भाकरी आणि सुरमई, दुपारी सुरमई आणि कोळंबी, रात्री कोळंबीचा रस्सा. दोन महिन्यांच्या बंदीची बेगमी आम्ही एका दिवसात संपवत आणली. बांगडे तेवढे अगदी तळाशी दगडासारखे टिकले होते. वरच्या मजल्यावरच्या मुलाची आई विचारायला आली की आमचा मुलगा तुमच्याकडे जेवतो का. तो तेव्हा तिसरा तुकडा घेत होता.

मला वाटलं होतं, आता संपलं. पण काड्यांचं पाकीट संपलं आणि हुरूप मात्र संपला नाही. मधल्याने परसात पडलेल्या झावळीचे हीर काढून, धुऊन, दोन दोन एकत्र बांधून काड्या केल्या. मी त्याला काही शिकवलं नसताना त्याला हे सुचलं, म्हणूनच सुचलं असावं.

तिसरा प्रयोग कोकमाचा. याची जबाबदारी थोरलीने पूर्णपणे स्वतःकडे घेतली. आई दरवर्षी रातांबे फोडून दोन गोष्टी करते. साखर घालून अमृत कोकम, आणि मीठ घालून आगळ. दोन्ही काचेच्या बाटल्यांत, दोन्हींचा रंग तोच गर्द लाल. बाटल्यांवर चिठ्ठी नसते. चिठ्ठी लावायची गरज काय, मला दिसतंय ना, असं आईचं म्हणणं. थोरलीने फळीवरची एक बाटली घेतली, अंदाजाने पाणी घातलं, पेल्यांत ओतलं, या वेळी काठापासून दोन बोटं रिकामं सोडलं, वर ताटली झाकली आणि बांगड्यांपासून दूर ठेवलं. आधीच्या सगळ्या चुका सुधारल्या होत्या. शिस्त अशी की त्या दिवशी दिवसभरात फ्रीझर फक्त चार वेळा उघडला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेल्यात चिखल होता. लाल, दाणेदार, थंडगार चिखल. हीर उभे राहत नव्हते. परत ठेवला. संध्याकाळीही चिखल. मी थर्मामीटर आणला, शाळेतून मागे एकदा घरी आलेला. फ्रीझर व्यवस्थित होता. शेजारच्या वाटीतलं पाणी कडक गोठलं होतं. मी दार, रबर, मागची जाळी, सगळं तपासलं. मुलांना पाणी कोणत्या कोणत्या कारणांनी गोठत नाही यावर वीस मिनिटं बोललो. दाब, अशुद्धी, अतिशीतन. मुलं कौतुकाने ऐकत होती. आईने मागून येऊन त्या चिखलात बोट बुडवलं, चाटलं, आणि म्हणाली, "आगळ आहे हे."

मीठ! पाण्यात मीठ असलं की ते शून्य अंशाला गोठत नाही, आणखी बरंच खाली जावं लागतं. मिठाने मुरलेला बर्फ उणे २१ अंशांपर्यंत तग धरून पातळ राहू शकतो. म्हणूनच तर लहानपणी आम्ही आइस्क्रीमचा पॉट फिरवायचो तेव्हा भोवतालच्या बर्फावर खडे मीठ टाकायचो. मीठ पॉटच्या बाहेर राहिलं तर आइस्क्रीम होतं, आत गेलं तर अशी फजिती. अशुद्धी म्हणता म्हणता मी मिठाच्या दारापर्यंत पोचलो होतो, फक्त बेल वाजवली नाही.

थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं. हे पाणी मात्र व्यवस्थित खारट होतं. आईने तिला जवळ घेतलं, दुसऱ्या हाताने नारळ उचलला आणि मला म्हणाली, "बघत काय राहिलास? खवून दे." नारळ खवला, वाटला, पिळला. लसणीच्या दोन पाकळ्या, एक मिरची, कोथिंबीर. त्या दाट दुधात आईने पाचही पेल्यांतला लाल चिखल ओतला. सोलकढी आयुष्यभर प्यालो, पण बर्फाच्या कण्या दाताखाली येणारी, गुलाबी, पहिल्या घोटाला कपाळात कळ जाईल अशी सोलकढी मी पहिल्यांदा प्यालो. मधल्याने ती हिरांनी ढवळली. थोरलीने तीन वाट्या प्यायल्या आणि चौथी पिता पिता हा आपलाच शोध असल्याचं जाहीर केलं. धाकट्याने पेटंट कधी मिळेल ते विचारलं. मी म्हणालो, एकोणीस वर्षांनी.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मुलं जायला निघाली. जायच्या आदल्या दिवशी जांभळांचं केलं. जांभळाच्या बिया काढताना जे व्हायचं ते भिंतीला झालं. यंदा रंग काढायचाच होता. या खेपेला प्रत्येकाचा पेला वेगळा, त्यावर कागद चिकटवून नाव. माझ्यासाठीही एक. त्यावर धाकट्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: 'मामाचं. हात लाऊ नये.' पहाटेची गाडी होती. मुलांनी साडेचार वाजता उठून, दातही न घासता आपापली आइसफ्रूटं खाल्ली आणि जांभळ्या जिभा काढून दाखवत स्टेशनावर गेली. परत आल्यावर मी झोपलो. मग शाळा सुरू झाली, प्रवेश, वेळापत्रक, पाऊस.

आषाढ संपायला आला की आमच्याकडे उरलंसुरलं सगळं मांसमच्छी संपवतात आणि श्रावणाच्या आदल्या रात्री फ्रीज धुतात. यंदा तो शेवटचा बांगडाही गटारीला तव्यावर गेला. ही फ्रीझर रिकामा करत होती. मटार, नारळ, ती काळी पिशवी (उघडली नाही, परत ठेवली), आणि अगदी मागे, बर्फाच्या थरात अर्धा पुरलेला एक स्टीलचा पेला.

"अहो, हे तुमचं दिसतंय."

पावणेदोन महिने त्याला कुणी उघडून बघितलं नव्हतं. मी पेला बाहेरून पाण्याखाली धरला. काडी ओढली. आइसफ्रूट सबंध, गुळगुळीत, न तडकता बाहेर आलं. काडी मधोमध, ताठ. रंग असा की दिव्याला धरलं तर कडेने जांभळी रेघ चमकत होती. ठाण्याला व्हिडिओ कॉल लावला. तिघेही, म्हणजे दोघे तिकडचे आणि मधला माझ्या खांद्यावरून, श्वास रोखून बघत होते.

मी चावा घेतला.

"मामा, झालंय का?" धाकट्याने विचारलं. "कसं लागतंय?"

"झालंय," मी म्हणालो. "पक्कं झालंय."

आणि पूर्ण खाल्लं. शेवटपर्यंत बांगड्याचं होतं.